अठरा, एकोणीस, वीस

"वीस बायकांशी बोला. एकोणीस नाही, वीस. आणि काही विकायला जाऊ नका, गप्प बसून ऐका." उद्योजकतेच्या पहिल्याच तासाला त्रेविन्यो सरांनी हे सांगितलं होतं. त्या बुधवारी कॉलेजच्या सभागृहात परीक्षकांपुढे उभी राहिले, तेव्हा कानात तेवढंच घुमत होतं. कारण मी सतराजणींशीच बोलले होते.

फाईलमध्ये मात्र वीस होत्या.

आमच्या कम्युनिटी कॉलेजात या वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने आपला धंदा परीक्षकांना पटवून द्यायचा असतो. ज्याचा पटेल, त्याला कॉलेजच्या दर्शनी भागातली एक खोली वर्षभर वापरायला मिळते. माझा बेत होता मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे गाऊन भाड्याने द्यायचा. आमच्याकडे हा वाढदिवस लग्नासारखा थाटात होतो, आणि त्यातल्या एकेका वस्तूचा खर्च मद्रिना, म्हणजे मानाने बोलावलेली धर्ममाता, उचलते. अकरा गाऊन तयार होते. आमच्या झोपायच्या खोलीत ते टांगलेले, आणि नवरा भिंतीला चिकटून झोपायचा. कॉलेजची खोली हुकली, तर मला पुन्हा कांद्याच्या शेडमध्येच उभं राहायचं होतं.

शेवटचा आठवडा शेडमधल्या जादा पाळ्यांनी खाल्ला. मंगळवारी पहाटे जपमाळ झाली आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून अठरा, एकोणीस, वीस या बायका स्वतःच लिहून काढल्या. नावंसुद्धा भराभर सुचली. ज्या बोटांनी मणी ओढले, त्याच बोटांनी.

तिघांपैकी दोन परीक्षकांनी सोपे प्रश्न विचारले. तिसऱ्या कान्तूबाई. गावातले समारंभाचे दोन्ही हॉल त्यांचेच. त्या माझी फाईल चाळत होत्या.

"डेल्फिना, पोरी," त्या म्हणाल्या, "या पहिल्या सतराजणी एकच सांगतात. पंधरावीचा गाऊन मद्रिना घेते, आणि तिने मानाने अंगावर घेतलेली गोष्ट भाड्याची निघाली तर ती पुन्हा तोंड दाखवणार नाही. खरंच आहे. आपल्याकडे केकची मद्रिना वेगळी, मुकुटाची वेगळी, गाऊनची वेगळी. एकीचं नाव पुकारायला विसरले होते, ती चार वर्षं माझ्याशी बोलत नव्हती."

"तेवढीच शांतता," दुसरे परीक्षक पुटपुटले. सभागृह हसलं. मी हसले नाही.

"आणि या शेवटच्या तिघी." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "'मी एकटीनेच घेतला. भाड्याने मिळाला असता तर बरं झालं असतं. विचारायची लाज वाटली.' तिघींच्याही पानावर मद्रिनाचं नाव नाही. कोण या?"

"गावातल्याच, बाई."

"मग लाव एकीला फोन. अठरा नंबर, एस्मेराल्दा गार्सा. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

माझी वर्गमैत्रीण नेरेइदा शेजारी गाऊन धरून उभी होती. ती कानाशी आली. "माझ्या वहिनीला लावते. ती एस्मेराल्दाच काय, पोपची बहीणसुद्धा होईल." मी काही म्हणायच्या आत तिने नंबर दाबून फोन माझ्या हातात कोंबला.

रिंग वाजत होती. एक. दोन. त्रेविन्यो सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी वर्गात कधी कुणाची फाईल तपासली नव्हती. तुम्ही मोठी माणसं आहात, म्हणायचे.

"बोला?" पलीकडून वहिनी.

मी फोन बंद केला.

"एस्मेराल्दा गार्सा नाही," मी म्हणाले. "या तिघी नाहीतच. ती पानं माझी आहेत."

"बुडवलंस, बये," नेरेइदा गाऊनच्या आडून म्हणाली.

कान्तूबाईंनी फाईल मिटली नाही. "नावं खोटी, की सांगितलेलंही खोटं?"

"सांगितलेलं माझंच आहे. आमच्या मुलीच्या, सोलेदादच्या वेळी चौघींना मद्रिना व्हाल का विचारलं, चौघींनी पाठ फिरवली. शेवटी मीच घेतला. लोकांना सांगितलं, मद्रिना दूर सान अँटोनिओला असते, तिला यायला जमलं नाही."

"सान अँटोनिओ," कान्तूबाई दुसऱ्या परीक्षकांना म्हणाल्या. "माझ्या हॉलवर दर वर्षी सात-आठ पंधराव्या अशा होतात. गाऊनची मद्रिना नेहमी सान अँटोनिओला. एकीलाही मी अजून पाहिलेलं नाही."

या वेळी कुणी हसलं नाही.

त्रेविन्यो सर उठले. "नियमाने वीस खऱ्या लागतात. आज ही फाईल मोजता येणार नाही."

"निकाल कधी लागतो?" कान्तूबाईंनी विचारलं.

"शुक्रवारी दुपारी बाराला."

"मग तोवर तीन खऱ्या बायका आण," त्या मला म्हणाल्या. "स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या नावाने बोलणाऱ्या. खोली देते असं म्हणत नाही. आधी त्या आहेत की नाहीत, ते कळू दे."

"आणते," मी म्हणाले. "त्यात माझा एकही शब्द नसेल."

"हे बोलणारी बाई कुठे सापडायची?" बाहेर आल्यावर नेरेइदा म्हणाली. "जी गोष्ट नवऱ्यालाही सांगितली नाही, ती तुझ्या वहीत सांगेल?"

मला ओर्तेन्सिया आठवली. ती चार गल्ल्या पलीकडे राहते. तिच्या मुलीच्या पंधरावीलाही गाऊनची मद्रिना आली नव्हती; चर्चमध्ये मिस्सा संपेपर्यंत ती सारखी दाराकडे बघत होती. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं, आणि सात वर्षांत कुणी तिला काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

गुरुवारी सकाळी मी शेडवर निरोप धाडला, येत नाही म्हणून. डोक्यावर रुमाल बांधला, कोरी वही घेतली, आणि आधी माझं तिला सांगायचं, मग तिचं विचारायचं, असं ठरवून चालत निघाले.