गोदूबाईचं बुकिंग

पेज नदीच्या मधोमध आमचं बेट आहे. जांभूळ, करंज, उंबर यांची दाटी, आणि तांबट पक्ष्याची दिवसभर टुकटुक. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं तिथं शांतता शोधायला येतात आणि होडीतून उतरल्या उतरल्या एकमेकांना हाका मारायला लागतात. माझे सासरे नागू त्यांना होडीतून नेतात, फोनवरचं बुकिंग मी बघते आणि सासूबाई, गोदूबाई, अलीकडच्या काठावर चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापतात. असं बारा वर्षं चाललंय. सासूबाई बेटावर जातात ते झाडून काढायला आणि पाहुण्यांचा दोरीचा झुला धुवायला.

दिवाळीनंतर एकदा तो झुला घासता घासता त्या बोलून गेल्या, "संजना, एक दिस मी पन हितं पाव्हनी म्हनून येनार हाय. कायेक काम करनार नाय." आणि लगेच स्वतःच हसल्या. मला मात्र ते लागलं. लग्न होऊन मला चार वर्षं झाली, पण ही बाई जेवतानासुद्धा नीट मांडी घालून बसलेली मी पाहिली नव्हती.

म्हणून जानेवारीतला एक मंगळवार मी फोनमध्ये अडवून ठेवला. नाव गोदूबाई, माणसं एक. सासऱ्यांना एवढंच सांगितलं, "बाबा, खास पाहुणी येणार आहे. जेवण बेटावरच करायचं, तेही तुमच्या हातचं." बाबांना मडक्यात शेंगा भाजून करायच्या पोपटीशिवाय काही येत नाही. त्यांनी उत्साहानं वालाच्या शेंगा आणल्या, भांबुर्डीचा पाला आणला, मडकं घासून ठेवलं.

मंगळवारी सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसवून मी सासूबाईंना काठावर आणलं. बाबांनी आमच्या मागं वाकून बघितलं.

"पाव्हनी कुठं हाय?"

"ह्याच."

"काय खूळ लावलंस गं पोरी!" म्हणाले, पण होडी धरून उभे राहिले. सासूबाईंच्या काखेत गाठोडं होतं. सोडून बघितलं तर आत सात भाकऱ्या आणि लसणाची चटणी. म्हणे, रिकाम्या हातानं कसं जायचं! मी गाठोडं घरी ठेवून आले.

होडी सुटली आणि बाबा सवयीनं पाहुण्यांना सांगायचे नियम सांगू लागले. "पिलॅस्टिक टाकायचं नाय. झाडाची फांदी मोडायची नाय. मोठ्यानं गानी लावायची नाय."

"आन् तोंडानं म्हनली तर?" सासूबाईंनी विचारलं.

बाबांनी वल्हं थांबवून विचार केला. "तोंडानं चालतात."

पाहुणी म्हणून सासूबाई अगदीच कुचकामी निघाल्या. आल्या आल्या पाला गोळा करायला लागल्या. मी हातातला झाडू काढून घेतला. बाबांनी मडक्यात शेंगा भरल्या, तर सासूबाईंनी लांबूनच, "मीठ टाकलंव का?" तीनदा विचारलं.

"पाव्हन्यांनी चुलीकडं यायचं नाय!" बाबा ओरडले.

माझंही डोकं फिरलं. "आई, बसा म्हणजे बसा!" सुनेनं असं बोलू नये, पण बोलले. त्या बिचाऱ्या झुल्याच्या कडेला टेकल्या.

"तुटंल गं."

"शंभर-शंभर किलोचे लोळतात त्याच्यात," बाबा म्हणाले. "तुझं काय वजन हाय?"

मग सासूबाईंनी पाय वर घेतले. अकराच्या सुमारास वरच्या वीजघराचं पाणी सुटलं, नदी भरून वाहायला लागली आणि त्या आवाजात सासूबाई गायला लागल्या. माहेरची काहीतरी लांबलचक ओवी होती. जाळावर लाकूड सारणारा बाबांचा हात थांबला.

"लगीन झालं त्या साली म्हनायची," ते मला हळूच म्हणाले. "मंग कधी बंद झालं, मी इचारलंच नाय."

तेवढ्यात आमच्या घराच्या बाजूनं हॉर्न वाजला. काठावर दोन गाड्या. मोहोपाड्याच्या कारखान्यातले साहेब, आमचं जुनं गिऱ्हाईक. "नागूदादा! दहा जण आहोत, होडी आणा!"

बाबांनी आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही. एकदा तर तापानं फणफणलेले असताना होडी घातली होती.

गाणं थांबलं. सासूबाई खाली उतरल्या, पदर खोचला. "दहा मानसं म्हंजे तीस भाकऱ्या. चल गं संजना, पीठ मळाया घेऊ." जराही वाईट न वाटता म्हणाल्या, आणि त्याचाच मला संताप आला. बारा वर्षांनी मिळालेला एक दिवस, तोही दुपारच्या आत संपला. बाबा होडीकडे गेले, दोर सोडायला लागले. मी भांडायच्या तयारीनं त्यांच्या मागं गेले.

दोर हातात धरून त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं. सासूबाई घाईघाईनं झुल्यावरची पानं झटकत होत्या, पुढच्या पाहुण्यांसाठी.

बाबांनी दोर करंजाला परत बांधला. वर आणखी एक गाठ मारली. मग तोंडापाशी हात धरून ओरडले, "आज जागा नाय! बेट भरलंय!"

"अहो, तिथं तर कुणीच दिसत नाही!"

"तुमाला दिसत नाय! फुल्ल हाय, फुल्ल!"

गाड्या वळेपर्यंत ते तिथंच उभे राहिले. मग मडक्याकडे जाता जाता, सासूबाईंकडे न बघताच म्हणाले, "उबी काय ऱ्हायलीस? त्या गान्याचं फुडं काय झालं?"

सासूबाईंनी खोचलेला पदर सोडला.