खाटेच्या उंचीची खिडकी

अंबादास देवतळे बोलण्यात कच्चा आणि हाताने पक्का माणूस. कुणाचा हातपंप रुसला, कुणाच्या दाराची बिजागरी निखळली, की जबलपूरच्या सराफ्यामागच्या गल्लीतली माणसे त्यालाच हाक मारत. लष्करी सामानाच्या फॅक्टरीत तो लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, टर्नर होता. पोलादाचा तुकडा केसभर जास्त कातला गेला तर तो भंगारात जातो, हे त्याला अठरा वर्षांत अंगवळणी पडले होते. त्याचे वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी जबलपूरला आले आणि भाड्याच्या खोलीतच वारले. म्हणून अंबादासने शहराबाहेर रांझीला जमिनीचा एक तुकडा घेतला, पाया खणला आणि ठरवले की घाई करायची नाही. दरवर्षी थोडे थोडे, पण पक्के बांधायचे.

ते साल पासष्ट. त्याची एकुलती मुलगी शैलजा तेव्हा तेरा वर्षांची होती. गेल्या हिवाळ्यापासून तिची पाठ दुखत होती. आई सत्यभामा तेल चोळून द्यायची, शेक द्यायची. वाढीचे वय आहे, दुखते कधी कधी, असे सगळेच म्हणत. पण एकदा शैलजाच्या हातून फणी खाली पडली आणि सत्यभामाने पाहिले, की ती उचलायला पोरगी वाकली नाही. पाठ काठीसारखी ताठ ठेवून, गुडघे मोडून, एक हात भिंतीला लावून ती हळूहळू खाली बसली.

"अहो," संध्याकाळी सत्यभामा म्हणाली, "हे दुखणं साधं नाही."

एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला आणि पाठीचे दोन मणके दाखवले. त्यांच्या कडा भिजलेल्या बिस्किटासारख्या झाल्या होत्या. हाडाचा क्षय. इंजेक्शने, गोळ्या, दूध, अंडी, ऊन आणि हवा, असे सगळे त्यांनी सांगितले. शेवटी म्हणाले, "आणि पाठ हलता कामा नये. प्लास्टरचा साचा करू. वर्षभर त्यात उताणं झोपून राहायचं, कदाचित जास्तही."

अंबादासने एकच प्रश्न विचारला. "साचा कशावर ठेवायचा? खाटेला फळ्या लागतील ना?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा नवलाने पाहिले. सत्यभामाला मात्र नवल वाटले नाही. लग्नाला सोळा वर्षे झाली होती. हा माणूस घाबरला की हत्यारे शोधतो, हे तिला ठाऊक होते.

जुलैत शैलजा त्या पांढऱ्या साच्यात निजली. मानेपासून मांड्यांपर्यंत पाठीला साचा, वरून पट्टे. महिन्याभरात घरमालक दारात येऊन उभा राहिला. वाईट माणूस नव्हता तो. मान खाली घालून म्हणाला, "देवतळेजी, मेरे भी बच्चे हैं. टीबी का नाम सुनकर घरवाली रोती है." हाडाचा क्षय असा खोकल्यासारखा पसरत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेले अंबादासने दोनदा समजावून पाहिले. एका अर्थी मालकाचे बरोबरच होते. त्या खोलीत दुपारी बारालाही दिवा लावावा लागे, आणि डॉक्टरांनी तर ऊन सांगितले होते.

थोडे थोडे बांधायचा बेत त्या दिवशी मोडला. आता एक खोली हवी होती आणि ती लगेच हवी होती. तुळशीराम नावाचा म्हातारा मिस्त्री रविवारी यायला तयार झाला. सिमेंटचे परमिट मिळेना, तेव्हा तुळशीराम म्हणाला, "मिट्टी के गारे में चिनाई करेंगे, बाबू. मेरे बाप का मकान वैसा ही है, आज तक खड़ा है." पाऊस चालूच होता. अंबादासने भिंतींवर ताडपत्री बांधली. पाळी सुटली की तो सायकलने थेट प्लॉटवर जाई, अंधार पडेपर्यंत विटा रचे आणि मग तीन कोस सायकल मारून घरी येई. तोवर शैलजा झोपलेली असे.

"तिच्याजवळ बसा थोडं," सत्यभामा म्हणे. "पोरगी दिवसभर वाट पाहून राहिली तुमची."

"तिच्यासाठीच तर करून राहिलो," अंबादास म्हणे. ते खरे होते. त्यात लपायला जागा होती, हेही खरे होते.

सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई पेटली. फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या, रजा बंद झाल्या. लेथ थंड व्हायला उसंत मिळेना. रस्त्यावरून ताडपत्री ओढलेल्या ट्रकांच्या रांगा जात. पानठेल्यावर रेडिओभोवती घोळका जमे आणि हवाई हल्ल्याच्या भीतीने खिडक्यांच्या काचांवर सगळ्यांनी काळा कागद चिकटवला. अंबादासचे डोळे खोल गेले. तरी खोली उभी राहिली. चार भिंती, वर कवेलूंचे छप्पर, पूर्वेला एक खिडकी, खाली सारवलेली जमीन. ओसरीला छप्पर नव्हते आणि बाहेरून गिलावाही नव्हता.

"पितृपक्षात कोणी नव्या घरात जाते का?" सत्यभामा म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "जाऊ द्या. पितर समजून घेतील. ते पण भाड्याच्याच खोलीत मेले."

प्रश्न होता शैलजाला न्यायचे कसे. टांग्याचे हिसके चालणार नव्हते, आणि त्या दिवसांत मोटार मागायची कुणाकडे? रविवारी सकाळी रात्रपाळी सुटल्यावर फॅक्टरीतले आठ जण परस्पर सराफ्यात आले. चहा घेतला आणि खाटेला खांदा लावला. चौघे उचलत, चौघे मागून चालत, फर्लांगभराने बदलत. शैलजा आभाळाकडे तोंड करून, हनुवटीपर्यंत पांढरी चादर ओढून निजली होती.

बड्या फुहाऱ्याच्या चौकापाशी दुकानांच्या फळ्या नुकत्या निघत होत्या. खाट दिसताच लोक बाजूला झाले. एकाने टोपी काढली. एक म्हातारा डोक्यावरची टोपली खाली ठेवून, हात जोडून पुटपुटला, "राम नाम सत्य है..."

चादरीतून एक बारीक हात वर आला. "दादाजी, अभी जिंदा हूँ!"

म्हाताऱ्याची बोबडी वळली. खांदेकऱ्यांपैकी एकाला हसू आवरेना, त्याचे पाहून दुसऱ्याला. खाट हलायला लागली तशी ती खाली टेकवावी लागली. तोवर दुकानदारही हसत होते, म्हातारा "जुग जुग जियो बेटी" म्हणत डोळे पुसत होता, आणि सत्यभामा पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, ते तिचे तिलाच ठाऊक. फक्त अंबादास हसला नाही. खाटेच्या पायाला धरून तो वाकून उभा होता. पायाच्या खिळ्या घट्ट आहेत ना, हे तपासत असल्यासारखा.

चार दिवसांनी लढाई थांबली. फॅक्टरीचे काम काही थांबले नाही, पण काचांवरचे कागद निघाले. अंबादासने ओले फडके आणि पत्र्याचा तुकडा घेऊन खिडकी लख्ख खरवडली. उन्हाचा पट्टा शैलजाच्या पायांवर पडला. इतक्या महिन्यांत त्याला पहिल्यांदा बरे वाटले.

"बघ," तो म्हणाला. "तिकडे काळ्या दगडांची टेकडी, इकडे फॅक्टरीचा रस्ता. पाळी सुटली की सायकलीच सायकली."

"छान आहे," शैलजा म्हणाली.

तो बाहेर हात धुवायला गेला तेव्हा सत्यभामा मागोमाग आली. "काहून सांगता तिला टेकडी अन् रस्ता? तिला नुसतं आभाळ दिसते. दिवसभर कवेलूकडे पाहत राहते पोरगी. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून छान म्हणाली ती."

अंबादासने हात पुसले. शैलजाला डुलकी लागल्यावर तो खाटेशेजारी जमिनीवर विटांचे थर रचून, त्यावर फळी टाकून उताणा निजला. डोके तिच्या डोक्याच्या उंचीवर आणले. मान न हलवता डोळे फिरवले. कवेलू. वासे. खिडकीत आभाळाचा एक रिकामा चौकोन. साडेतीन फुटांवर खिडकी ठेवायची असते म्हणून त्याने तशी ठेवली होती. उभ्या माणसाची खिडकी. केसभर फरक ओळखणाऱ्या त्याच्या नजरेतून दोन फूट निसटले होते. घर जिच्यासाठी बांधले, तिच्या जागी तो एकदाही निजला नव्हता.

पुढच्या रविवारी तुळशीराम आला तेव्हा अंबादास छिन्नी-हातोडा घेऊन नव्या भिंतीसमोर बसला होता.

"बाबू, ये क्या कर रहे हो? महीना नहीं हुआ चिनाई को!"

"खिडकी नीचे लानी है. खाट के बराबर."

"ऐसी खिड़की तो मैंने ज़िंदगी में नहीं बनाई. कुत्ता झाँकेगा उसमें से."

"झाँकने दो," खाटेवरून आवाज आला. "मैं भी उसको झाँकूँगी."

तुळशीराम कपाळावर हात मारून हसला आणि गारा कालवायला बसला. पण हे काम एका रविवारचे नव्हते. भिंत हलू न देता एकेक वीट सोडवायची होती आणि खाली नवी चौकट बसवायची होती. त्या आठवड्यात अंबादास रोज सकाळी पाळीवर जाण्याआधी तासभर तिथे बसला. हळू काम. धूळ तिच्या अंगावर जाऊ नये म्हणून प्रत्येक वीट आधी पाण्याने भिजवायची. त्यासाठी खाटेला अगदी लागून बसावे लागे. त्याचा खांदा आणि तिचा चेहरा एका उंचीवर येत.

पहिल्या दिवशी ती नुसती विटा निघताना पाहत होती. दुसऱ्या दिवशी तिने छिन्नी कशी धरतात ते विचारले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, मी चालीन का?"

छिन्नी थांबली. हा प्रश्न आज ना उद्या येणार हे त्याला जुलैपासून माहीत होते. त्याच्यापासूनच तो तीन कोसांवर पळून विटा रचत राहिला होता. चालशील बेटा, पळशील, हे शब्द तोंडाशी आले. सगळेच तिला तसे सांगत. पण तिचे डोळे त्याच्यापासून वीतभरावर होते आणि तेवढ्या जवळून खोटे बोलणे त्याला जमेना.

"माहीत नाही," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, बहुतेक. पण पक्कं त्यांनाही माहीत नाही."

शैलजाने नजर कवेलूकडे वळवली. मग म्हणाली, "बरं झालं तुम्ही सांगितलं. सगळे लगेच हो म्हणून राहिले, मला वाटलं मी मरते आहे."

अंबादासने छिन्नी खाली ठेवली. मातीने भरलेला हात आधी धोतराला पुसला आणि मग तिच्या कपाळावर ठेवला. बाहेर फॅक्टरीचा भोंगा झाला. अठरा वर्षांत पहिल्यांदा तो भोंगा ऐकूनही अंबादास उठला नाही. त्या दिवशी त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली गेली. फोरमनने कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "घरी काम होतं."

खिडकी झाली. टेकडी दिसू लागली, तिच्यावर चढणाऱ्या बकऱ्या दिसू लागल्या आणि पाळी सुटली की सायकलींचा लोंढाही. त्या शेकडोंमधून ती बापाची सायकल ओळखी. तो एका बाजूला कलून पायडल मारी म्हणून. कुत्राही खरोखर डोकवायला आला. अंबादासचे बांधकाम मंदावले. ओसरीचे छप्पर एका हंगामाने लांबले, गिलाव्याचा तर विषयच निघेना. पाळीवरून आला की तो खाटेशेजारी बसे. फारसे बोलत नसे. ती गणिते सोडवताना पाटी धरून ठेवी, अंडे सोलून देई. त्याला ते काम विटांपेक्षा जड वाटे, पण तो करी.

मध्ये एक वाईट पावसाळा गेला. कंबरेशी गळू झाले, ताप चढला, दवाखान्यात पंधरा दिवस काढावे लागले. सत्यभामाचे केस त्या पंधरा दिवसांत कानांशी पांढरे झाले. मग हळूहळू ताप उतरला, भूक आली, वजन वाढू लागले. सहासष्टच्या डिसेंबरात नवा एक्स-रे निघाला आणि डॉक्टरांनी साचा काढायला सांगितले.

कण्याला बाक राहिला होता. थोडासाच, पण पाठीवरून हात फिरवला तर गाठीसारखा लागेल असा. डॉक्टर म्हणाले, दोन मणके एकमेकांत जुळून गेले आहेत, आता ते असेच राहणार. पट्टा बांधायचा, ओझे उचलायचे नाही, बाकी सगळे करायचे. घरी येताना अंबादासला राहून राहून वाटत होते, की आपल्या हाती असते तर हे सरळ करून दिले असते. सत्यभामा म्हणाली, "देवाचे आभार माना." तो म्हणाला, "मानून राहिलो." आणि थोड्या वेळाने, "पण वाईट वाटते ते वाटतेच."

चालायला शिकायला महिना लागला. आधी खाटेची कड, मग भिंत, मग आईचा खांदा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन चांगले वर आल्यावर, शैलजा पहिल्यांदा उंबरा ओलांडून अंगणात आली. चामड्याचा पट्टा आवळलेला, अंगावर आईची शाल. दहा-बारा पावले गेल्यावर ती थांबली आणि सावकाश मागे वळली.

सव्वा वर्ष ती या घरात होती, पण तिने ते बाहेरून कधी पाहिलेच नव्हते. आली काय, दवाखान्यात नेली-आणली काय, खाटेवरून तिला आभाळ तेवढे दिसत होते.

तिने नीट पाहून घेतले. गिलाव्याविना उघड्या विटा, पावसाने धुपलेला गारा, एकीकडे उतरते झालेले कवेलू, आणि समोरच्या भिंतीत जमिनीपासून हातभर वर, गोठ्याला शोभेल अशी खिडकी.

"बाबा," ती म्हणाली, "हे तर भलतंच कुरूप आहे."

सत्यभामाने जीभ चावली. अंबादासने घराकडे पाहिले, जणू तोही पहिल्यांदाच पाहत होता.

"आहे खरं," तो म्हणाला. आणि हसायला लागला. हसता हसता त्याला खाली बसावे लागले, तिथेच मातीत, उरलेल्या विटांच्या ढिगापाशी. शैलजाला वाकता येत नव्हते, म्हणून ती तशीच उभी राहिली, त्याच्या डोक्यावर हात ठेवून, तोल सांभाळत.

"दुसरी खोली बांधाल तेव्हा मला विचारा आधी," ती म्हणाली.

"विचारीन."

"आत्ताच विचारा ना. चालून राहिले तोवर दाखवते कुठे हवी ते."

तो उठला, आणि ती पुढे, तो एक पाऊल मागे, असे दोघे घराच्या मागच्या बाजूला गेले.