उलट्या खाचेचं पातं

मंसूर लोहाराच्या घरात चांगली म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे सागाची पेटी. आणि त्या पेटीत होतं काय, तर वापरून वापरून झिजलेले चाकू. जव्हारच्या बाजारपेठेला याची मोठी गंमत वाटे. नवाकोरा चाकू कुणी जपला तर एक वेळ समजू शकतं. पण हा गृहस्थ डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर पायपीट करून कुणाचा तरी जुना, मूठ काळी पडलेला चाकू मागून आणायचा आणि बदल्यात स्वतः घडवलेला नवा कोयता देऊन यायचा. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. तो हसून सोडून देई.

ते चाकू त्याच्याच हातचे होते. संस्थान होतं तेव्हा दरबारच्या शिकारखान्याला लागून एक लोहारशाळा होती आणि मंसूर तिथला उस्ताद. शिकारीचा मोसम संपला की रान उठवणाऱ्या हाकेवाल्यांच्या म्होरक्यांना दरबारातून घडीचा, दोन पात्यांचा चाकू बक्षीस मिळे. मोठं पातं कातडं सोलायला, लहान पातं पायातला काटा काढायला, तंबाखू कातरायला. मुठीला सांबरशिंग, पितळेच्या खिळ्या आणि पाठीत पोलादी कमान. लोहारशाळेची रीत अशी, की मोठं पातं उस्तादानं घडवायचं आणि लहान पातं शागिर्दानं. दुसरी रीत अशी, की माल दुरुस्तीला परत आला आणि त्यात खोट दिसली, तर मालकानं तक्रार करायची वाट न पाहता बदलून द्यायची. या दुसऱ्या रीतीचा मंसूरला भारी अभिमान होता.

संस्थान विलीन झालं. शिकारखाना बंद, लोहारशाळेला कुलूप, जंगल सरकारी खात्याकडे. चाकू मात्र पाड्यांवर राहिले, आणि मंसूरनं ते एकेक करून परत गोळा केले.

जुम्म्याच्या नमाजानंतर तो अंगणात पेटी उघडून बसे. एकेक चाकू घ्यायचा, पातं उघडायचं, मिटायचं, कमानीचा टक्क आवाज ऐकायचा. मालकाचं नाव विचारावंच लागत नसे. दाभोशाच्या ढवळूचं मोठं पातं मधोमध खोलगट झालेलं, कारण तो ते नदीतल्या एकाच दगडावर घासायचा. जामसरच्या लाडक्याच्या मुठीवर अंगठ्याची जागा गुळगुळीत झालेली. बाजारात चकचकीत चाकू हवे तेवढे मिळत होते, पण असा चाकू घडायला एका माणसाचं अर्धं आयुष्य लागतं, आणि ते लोहाराच्या हातात नसतं. मंसूर काळ्या पडलेल्या पात्याला राख लावू द्यायचा नाही. त्याची बायको नूरुन्निसा एकदा पाती घासायला चिंच घेऊन बसली होती, तर हा तिच्यावर केवढा खेकसला.

पण तो हे सगळं नुसत्या हौसेपायी करत नव्हता. मोठी पाती त्याचीच, त्यांचं त्याला काय अप्रूप? तो शोधत होता एक लहान पातं.

इक्बाल, त्याचा एकुलता एक मुलगा, लोहारशाळेत त्याचाच शागिर्द होता. पोरगा डावखुरा. मंसूरनं काय नाही केलं! डावा हात फडक्यानं कमरेला बांधून त्याला हातोडा धरायला लावला, बोटांवर सांडशी मारली. बाप समोर असला की पोरगा उजव्या हातानं काम करी आणि पाठ वळली की डाव्यानं. त्यामुळे नखानं पातं उघडण्यासाठी जी बारीक खाच असते, ती त्याच्या पात्यावर पलीकडच्या अंगाला पडायची. मोठ्या पात्याची खाच या बाजूला आणि लहान पात्याची त्या बाजूला. मंसूरला ते बघवत नसे. लोहारशाळा बंद झाल्यावर बापलेक मोखाड्याच्या आठवडी बाजारात भट्टी लावू लागले. पुढे इक्बाल मुंबईला गेला. इथं दोघांना पुरेल एवढं काम कुठं होतं, असंच सगळे म्हणत आणि मंसूरही तेच म्हणे. गोदीत मालाची पेटी अंगावर पडून तो गेला. निरोप जव्हारला पोचला तेव्हा दफन होऊन गेलं होतं. मागे ना फोटो, ना कपडा.

"त्याच्या हातचं काहीतरी आणून द्या मला," नूरुन्निसा म्हणाली होती. एवढंच ती म्हणाली. तिनं त्यानंतर दुसरं काही मागितलं नाही.

त्या दिवसापासून मंसूर चाकू गोळा करत होता. पेटी भरत आली, पण उलट्या खाचेचं पातं काही सापडेना. असं का, ते त्याला आतून ठाऊक होतं. दुरुस्तीला चाकू आला की तो उलट्या खाचेचं पातं काढून भट्टीत टाकी आणि आपलं बसवून देई. रीतच होती ती. पण सगळेच चाकू काही दुरुस्तीला आले नसतील, एखादा तरी सुटला असेल, या आशेवर तो चालत होता. आता एकच हाकेवाला उरला होता, वावर गावचा देवजी.

भातकापण्या उरकल्यावर मंसूर वावरला निघाला. रस्ता कसला, नाले आणि चढ. गुडघे बोलायला लागले, पण त्याला देवजीचा चाकू लख्ख आठवत होता. त्या चाकूचं लहान पातं इक्बालनं फार मन लावून केलं होतं, कधी नव्हे तो कौतुकाची वाट बघत शेजारी उभा राहिला होता. मंसूरनं तेव्हा नुसतं हूं म्हटलं होतं. यावेळी मिळणार, असं त्याच्या मनानं घेतलं.

देवजी कुडाच्या झोपडीबाहेर दोरी वळत बसला होता. म्हातारा झाला होता, पण ओळख लगेच पटली.

"मंसूरभाय! इतक्या लांब कसा आला रे तू? बस, बस. भागी, पानी आन."

देवजीची सून भागी पाणी ठेवून गेली. मंसूरनं कोयता पुढं केला आणि चाकूचं विचारलं. "हाय ना," म्हणत देवजीनं कमरेचा चाकू काढला. चाकू या हातातून त्या हातात द्यायचा नाही, भांडण लागतं, म्हणून तो आधी जमिनीवर ठेवायचा असतो. पण ठेवण्याआधी देवजीला हातातली दोरी तोडायची होती. त्यानं डाव्या मुठीत चाकू धरला, तोंडाजवळ नेला आणि लहान पातं दातांनी ओढून उघडलं.

मंसूर बघतच राहिला. "दातांनी का उघडतोस?"

"मी डावरा हाय ना," देवजी हसला. "नख लागत नाय त्या बाजूला. मोठा पाता तर पयल्यापासून दातानंच उघडतो. बारका मातर आधी नखानं उघडायचा. तुझ्या पोऱ्यानं माझ्यासाठीच तसा केला होता. मला बोलला, काका, आपुन दोघं सारखे."

देवजीनं दोरी तोडली आणि चाकू जमिनीवर ठेवला. मंसूरनं तो उचलला. लहान पात्याची खाच मोठ्या पात्याच्याच बाजूला होती, सरळ आणि नेटकी. हे त्याचं स्वतःचं काम होतं. अंधारातही त्यानं ते ओळखलं असतं.

"हे पातं कधी बदललं?"

"तूच बदलला ना! मोखाड्याच्या बाजारात. मी धार लावायला आलो होतो. तू बोलला, खाच उलटी हाय, आमच्या हातून असा माल जात नाय. मी नको बोललो, मला असाच बरा. तू ऐकशील तर ना! काढला न् टाकला भट्टीत."

मंसूरला ती दुपार आठवेना. अशी कितीतरी पाती त्यानं बदलली होती, ती काय लक्षात ठेवायची? "इक्बाल..." तो म्हणाला, "इक्बाल होता तिथं?"

"होता ना. भाता ओढत होता. मी बघितला त्याच्याकडं, म्हटला, पोरा, सांग तुझ्या बापाला. तो काय बोलला नाय. खाली मान घालून भाताच ओढत बसला. पाता लाल झाला तरी ओढीतच होता. मग पुढच्या बाजाराला आलो तवा तो नव्हता. ममईला गेला, बोलला तू."

देवजीनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. त्याला त्यात सांगण्यासारखं विशेष काही वाटलं नाही. वर म्हणाला, "ने तुला पायजे तर. चांगला पाता हाय तुझा, अजून हालला नाय."

मंसूरनं चाकू उघडला, मिटला. कमान टक्क वाजली. त्याला स्वतःच्या हाताची इतकी शिसारी कधी आली नव्हती. त्यानं चाकू पुन्हा जमिनीवर ठेवला, कोयता देवजीजवळच राहू दिला आणि उठला. भागीनं नागलीची भाकरी खाऊन जा म्हटलं, तर नको म्हणाला. वाटेत नाल्याशी तो एका दगडावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. तिथं बघायला कुणी नव्हतं.

घरी पोचला तर नूरुन्निसा पेटी उघडून बसली होती. तिनं चाकू एका बाजूला सारले होते आणि मधोमध थोडी जागा केली होती. तिथं धुतलेल्या फडक्याची घडी अंथरली होती.

"मिळालं?" तिनं विचारलं.

मंसूरनं चपला काढल्या, पाय धुतले. तिला खरं सांगावं असं त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं. मग त्यानं त्या फडक्याकडे पाहिलं.

"देवजी घरी नव्हता," तो म्हणाला. "सोयऱ्यांकडं गेलाय, लांब."

"चाकू त्याच्यापाशीच आहे ना पण?"

"आहे."

"मग झालं," ती म्हणाली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. "आता कुठं जायचा नाही तो. पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन या."

"जाईन," मंसूर म्हणाला.

तिनं ती जागा तशीच ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं.