मागच्या दारची सावली

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून इट्टूप घरात टिकेना. पलंगावर निजवलं की ओरडे, पुढच्या ओसरीवर बसवलं की ओरडे, टीव्हीसमोर नेलं तर काठी आपटे. बोलणं गेलेलं, त्यामुळे हवंय काय ते कळायला मार्ग नाही. गप्प होई तो एकाच जागी: मागच्या दारी, फणसाखाली, धुण्याच्या दगडाशेजारी. तिथं ऊन कधी पोचत नसे. कुंपणाची भिंत शेवाळाने हिरवीगार, तिच्यावर मिरीचे वेल चढलेले, खाली अळू माजलेलं, आणि पाऊस थांबून पंधरवडा झाला तरी पायाखालची माती ओली ती ओलीच. जन्मभर सरकारी बस हाकलेला माणूस, तापलेल्या इंजिनाशेजारी बसून डोंगरातली वळणं घेतलेला. त्याला बसायला हीच जागा सापडावी, याचं त्याच्या बायकोला, रोसक्कुट्टीला, आधी नवल वाटे. मग तेही वाटेनासं झालं. सकाळची पेज झाली की ती खुर्ची तिथं नेऊन ठेवी, आणि तो काठी टेकत मागोमाग येई.

डास त्याच्यावर खुशाल बसत. कपाळावर, कानांवर, कोपरांवर. तो हाकलत नसे. हात उचलत नव्हता असंही नाही. पेजेचा चमचा त्याच हाताने धरायचा. सुरुवातीला ती खांद्यावरच्या पंच्याने वारत बसायची. पुढं पुढं तिला स्वतःला चावलेलंही कळेना. संध्याकाळी अंग पुसताना त्याच्या पाठीवर लाल गांधी दिसत. ती खोबरेल लावी, सदरा चढवी, चुलीकडे वळे. वर्षापूर्वी अशा वेळी डोळे भरून यायचे. आता काही येत नव्हतं.

वरच्या चढावरच्या घरात डेंगीचा ताप निघाला, तिथली सून इस्पितळात गेली, तेव्हा आरोग्यखात्याची आशासेविका विलासिनी घरोघर डासांची पैदास बघत इथंही आली. मागच्या दारी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं रोसक्कुट्टीला सगळ्या चेची म्हणत.

"चेची, अहो माणूस बसवलाय की डासांची खाणावळ काढलीय?"

"तो इथंच बसतो."

"बसतो म्हणून बसवायचं? आत न्या त्याला. जाळी लावा. उद्या ताप आला तर धावाधाव तुम्हालाच."

रोसक्कुट्टीने आत नेलं. खिडक्यांना जाळी ठोकून घेतली, धूप फिरवला. इट्टूप दुपारभर असा ओरडला की शेजारची तंकम्मा भिंतीवरून डोकावली.

"चेची, जिवंत सोलताय की काय माणसाला?"

"सोलत नाही. आत बसवलाय."

"मग बाहेर बसवा बाई. माझी कोंबडी अंड्यावरून उठली!"

आयर्लंडात नर्स असलेल्या लेकीचा, लिजीचा, फोन आला. "अम्मच्ची, अप्पच्चनला जाळीच्या खोलीतच ठेव हं."

"ठेवलं होतं."

"मग?"

"मग काय. ओरडले. पुन्हा बाहेर बसवलं."

लिजी म्हणाली, "तू जेवलीस का?" रोसक्कुट्टी हो म्हणाली.

माणूस हलत नाही, तर जागाच धुऊन काढावी, असं तिने ठरवलं. ठरवलं म्हणण्यापेक्षा, दुसऱ्या दिवशी हात त्या कामाला लागले. भिंतीकडेला रबराचा चीक धरायच्या जुन्या वाट्यांची चळत होती. वरच्या वाटीत पाणी, पाण्यात वळवळत्या अळ्या. ओतल्या, पालथ्या घातल्या. करवंट्या चुलीत गेल्या. पोफळीच्या गळलेल्या विऱ्या, म्हणजे झावळ्यांचे रुंद देठ, होडीसारख्या पाणी धरून बसलेल्या, त्या ओढून काढल्या. अळू उपटलं. धुण्याच्या दगडाखाली साचायचं तिथं चर खणून पाणी केळीकडे काढलं. टाकीच्या तोंडाला इट्टूपचं नेसायचं जुनं मुंडू बांधलं. इट्टूप खुर्चीवरून बघत होता, की नुसते डोळे उघडे होते, कोण जाणे.

शेवटी झाडं तोडणाऱ्या कुंजप्पनला बोलावून फणसाच्या खालच्या फांद्या उतरवल्या. मिरीचे वेलही गेले. जिथं कधी ऊन नव्हतं तिथं ते थेट पडलं. माती वाळली, पांढुरकी झाली, भेगाळली. विलासिनी येऊन बघून गेली, म्हणाली, "आता कसं घर दिसतंय!"

सकाळी रोसक्कुट्टीने खुर्ची जागेवर ठेवली. इट्टूप दारात आला. तोंडावर ऊन आलं तसा थांबला. खुर्चीकडे बघितलं. ओरडला नाही. काठी वळवली आणि भिंतीच्या कडेने, पडक्या खिंडारातून पलीकडे, तंकम्माच्या रिकाम्या गोठ्यात शिरला. गव्हाणीच्या कठड्यावर बसला आणि काठी मांडीवर आडवी घेतली.

तंकम्मा धावत आली. बघून पदर तोंडाशी धरून हसायला लागली. "म्हैस विकली तेव्हा काय ठाऊक, दुसरं जनावर आपल्या पायांनी येणार म्हणून!" मग रोसक्कुट्टीचं तोंड बघून तिने पदर खाली घेतला. "चेची, चिडू नका हं. बसू द्या त्याला. इथं कोण येतंय."

रोसक्कुट्टी चिडली नव्हती. इतकी मेहनत गेली, राग यायला हवा, म्हणून तिने मनात शोधलाही. कपाटात ठेवलेली वस्तू हाताला लागू नये तसं झालं. गोठ्यात ओल होती, अंधार होता. गव्हाणीच्या तळाशी काळं पाणी. गळक्या कौलांखाली बांधलेल्या ताडपत्रीला झोळ पडून त्यात आणखी पाणी. आणि इट्टूपच्या कपाळावर एव्हाना दोन डास बसलेले.

"तंकम्मा, कुदळ आहे?"

"आत्ता? ऊन तर उतरू द्या."

"असली तर दे."

तंकम्माने कुदळ आणली, आणि देता देता स्वतःच ताडपत्रीचं एक टोक धरलं. पाणी दोघींच्या पायांवर कोसळलं. "अगं बाई!" ती ओरडली. गव्हाण उपसली, पुन्हा पाणी साचू नये म्हणून तळाचं बूच काढून घेतलं. भिंतीपाशी टायर होते ते बाहेर लोटले. सावली राहावी म्हणून छप्पर मात्र उघडायचं नाही, हे रोसक्कुट्टीला सांगावं लागलं नाही. तंकम्माही त्याच्या वाटेला गेली नाही. तिच्या नवऱ्याने घरातून वायर ओढून पंखा आणला आणि इट्टूपकडे तोंड करून लावला.

त्यानंतर सकाळची पेज झाली की इट्टूप खिंडारातून पलीकडे जाई. वाळलेल्या मागच्या अंगणात रोसक्कुट्टी खोबरं वाळत घाली. तिथं पूर्वी त्याला बुरशी आली असती. कामं आवरली की तीही गोठ्यात जाऊन बसे. तंकम्मा काळी कॉफी आणी आणि एकटीच बोले: चढावरची सून घरी आली, कोंबडीची अंडी यंदा वाया गेली. एकदा म्हणाली, "चेची, तुम्हाला कधी रडू येत नाही का हो?"

"यायचं."

पंखा फिरत होता, इट्टूपच्या पांढऱ्या केसांची झुलपं उडत होती. त्याच्या कानामागे एक डास बसला. रोसक्कुट्टीने हात नेऊन तो टिपला, बोट लुगड्याला पुसलं आणि कॉफीचा घोट घेतला. कॉफी निवली होती. तिने ती तशीच संपवली.