ताडीतलं यीस्ट आणि दहा मिनिटं

हे संशोधन जमलं असतं तर स्मिताच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पेपरावर पहिलं नाव, जर्मनीतल्या प्रयोगशाळेत दोन वर्षांची जागा, आणि नेरूळच्या सोसायटीत आईला जिन्यात गाठून "मुलीचं पुढं काय?" विचारणाऱ्या मालतीबाईंचं बंद तोंड. तिसरी गोष्ट तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण मनातल्या यादीत ती सगळ्यात वर होती. तिच्या मार्गदर्शक केळुसकर सरांना प्रकल्पाची तीन वर्षांची वाढ मिळणार होती. प्रयोगशाळेतल्या तिच्या जोडीदाराला, ऋषीला, पेपरावर दुसरं नाव, कारण तुलनेचे आकडे त्याचे. ज्या यीस्टच्या जिवावर हे सगळं चाललं होतं, ते करावे गावच्या ताडीच्या मडक्यातून आलेलं. त्याला काहीच मिळणार नव्हतं.

यीस्ट म्हणजे एका पेशीचा जीव. झाडाला कोंब फुटावा तशी त्याला पिल्लं फुटतात. साखर न देता नुसत्या स्पिरिटवर ठेवलं, की तो आपली साखर आपणच बनवतो आणि त्या कामासाठी एक खास प्रथिन बाळगतो. मग वरून ग्लुकोज ओतलं, की आत निरोप पोचतो आणि पेशी त्या प्रथिनाला नुसतं घरी बसवत नाही, त्याचे तुकडे करून टाकते. काल संसार चालवणारा आज अडगळ. कचेरीत असं व्हायला साहेब बदलावा लागतो, यीस्टला अर्धा तास पुरतो.

अर्धा तास हा प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या यीस्टचा. ऋषीनं गेल्या वर्षी मोजलं होतं, तीस मिनिटांत निम्मं प्रथिन खलास. स्मिताच्या ताडीतल्या यीस्टला मात्र वीसच मिनिटं लागत होती. एकदा नाही, तीनदा.

"तिन्ही वेळा बरोब्बर दहाचा फरक!" सर खूश होऊन म्हणाले होते. "अगं, इतक्या नेमानं तर माझी बायकोही भांडत नाही."

"सर, नेहमीचं यीस्ट मीही एकदा शेजारी लावून बघते ना."

"ऋषीचे आकडे आहेत की. अँटीबॉडी काय नळाला येते?"

प्रथिन किती उरलं ते दाखवणारी ती अँटीबॉडी जर्मनीच्या प्राध्यापकांनीच पाठवलेली. फ्रीजमधल्या नळीत आता तिचे चार थेंब होते, आणि ते ऋषीच्या प्रबंधातल्या शेवटच्या प्रयोगासाठी राखलेले. स्मितानं विषय सोडला. फायद्याच्या गोष्टीत माणूस फार वेळ हट्ट धरत नाही.

प्रकल्प तपासायला समिती शुक्रवारी वाशीला येणार होती. बुधवारी दुपारी स्मिता वहीतले आकडे पारदर्शक कागदावर उतरवत बसली होती. गोटीराम धुतलेले फ्लास्क घेऊन आला. सारसोळ्याचा हा गडी संस्थेत दहा वर्षं होता आणि कुणाच्या चहात साखर किती, हे त्याला सरांच्या विषयापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

"म्याडम, किती वाजलं?"

स्मितानं काचेतून शेकरच्या खोलीतलं घड्याळ बघितलं. फ्लास्क रात्रंदिवस हलवणारं यंत्र त्या खोलीत होतं. "एक वीस. म्हणजे एक दहा."

आणि तिचं पेन कागदावर थांबलं.

पेनाखाली लिहिलेलं होतं, 'ग्लुकोज टाकलं: ११.१०'. ग्लुकोज टाकायचं शेकरच्या खोलीत, तिथलं घड्याळ बघून. नमुने बर्फात घालायचे बाहेर टेबलावर, तिथल्या भिंतीवरचं घड्याळ बघून. दिवसभर हातात मोजे, म्हणून मनगटावरचं घड्याळ पर्समध्ये. विभागाचं एकुलतं स्टॉपवॉच सरांच्या कपाटात कुलपात.

"गोटीराम, हे आतलं घड्याळ पुढं कुणी केलंय?"

"मीच."

"कुणाला विचारून?"

"आता गं बाय! तुमीच सांगतलं व्हतं ना? बस चुकते म्हनून. दोन वरसा झाली. सगल्यांना ठावं हाय."

सगळ्यांना ठाऊक होतं, तिथंच तर घोळ होता. त्या घड्याळाकडं बघून दहा कमी करायची तिला इतकी सवय झाली होती, की ते गणित राहिलंच नव्हतं. बससाठी ती न चुकता दहा वजा करायची, वहीत लिहिताना मात्र दिसलं तेच लिहायची. ग्लुकोज पडलं होतं खऱ्या अकराला. तिची वीस मिनिटं खरी तीस होती.

बाकी कुणाला हे कळायचं कारण नव्हतं. वही तिची, अक्षर तिचं. ती पाणी प्यायली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. पारदर्शक कागदावरचा आलेख इतका देखणा आला होता, की पुसायला हात होईना. शेवटी ती सरांच्या खोलीत गेली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुला खात्री आहे?"

"घड्याळाची आहे. यीस्टची नाही."

"मग? ऋषीचाच कंट्रोल, ते नेहमीचं यीस्ट, हळू निघाला असेल. त्यानंही आतलंच घड्याळ बघितलं असेल, तर त्याची तीस खरी चाळीस होतात आणि फरक तसाच राहतो. त्याचं घड्याळ कुणी बघितलंय?" सरांचा आवाज खाली आला. "स्मिता, शुक्रवार परवा आहे. जर्मनीचं पत्र मी वाचलंय. तुझी जागा या दहा मिनिटांवरच आहे."

"माहितेय सर."

"मी काही म्हणत नाही. तू ठरव."

एवढं म्हणून सरांनी जबाबदारी टेबलापलीकडं सरकवली.

पडताळायचं तर दोन्ही यीस्ट शेजारीशेजारी, एका स्टॉपवॉचवर लावायला हवी होती, आणि त्याला चारही थेंब लागणार होते. स्मितानं ऋषीला व्हरांड्यात गाठलं. सगळं ऐकून तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"म्हणजे घोळ तुझा, टेन्शन तुझं, आणि अँटीबॉडी माझी?"

"हो."

"आणि तू चुकीची निघालीस, तर पेपरातलं माझं नावही गेलं."

"हो रे."

"वा! काय ऑफर आहे. भाजीवालीसुद्धा वर कोथिंबीर देते."

"सर म्हणतायत, तुझाच कंट्रोल हळू असेल."

ऋषीचं हसू गेलं. "माझा? मी मनगटावरचं घड्याळ लावून मोजलंय, मोज्यावरून. घे ती नळी. पण नमुने मी काढणार, तू नुसतं स्टॉपवॉच धर."

गुरुवारी सकाळी त्यांनी दोन्ही फ्लास्कमध्ये एका दमात ग्लुकोज टाकलं. दिवसभर कामापुरतंच बोलणं. दर दहा मिनिटांचा नमुना, मग जेलच्या पातळ थरात प्रथिनं वेगळी करणं, मग ती कागदावर उतरवणं. ऋषीनं अँटीबॉडीची नळी पालथी करून, टिचकी मारून शेवटचा थेंब काढला आणि नळी पुन्हा एकदा उजेडात धरून बघितली. साडेपाचला त्यांनी कागद रंग देणाऱ्या द्रावणात सोडला. सर दारात उभे होते, आत येत नव्हते.

पट्ट्या हळूहळू उमटल्या; पट्टी जितकी गडद, तितकं प्रथिन उरलेलं. डावीकडं नेहमीचं यीस्ट, उजवीकडं ताडीतलं. शून्याला दोन्ही काळ्या कुळकुळीत. दहाला जरा फिकट. स्मिता विसाच्या जागी टक लावून होती. तिथं उजवी पट्टी निम्मी व्हायला हवी होती. ती डावीइतकीच गडद आली. तिसाला दोन्ही निम्म्या झाल्या, जुळ्यांसारख्या.

"सेम टू सेम," ऋषी म्हणाला. त्याचे आकडे खरे ठरले होते, पण चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं.

सर म्हणाले, "उद्या कोण सांगणार?"

"मी सांगते," स्मिता म्हणाली.

तिनं सांगितलं. दोन घड्याळं, दहा मिनिटं, चूक माझी, असं सरळ. समितीतले एकजण हसले, दुसऱ्यांनी मान डोलावली, तिसऱ्यांनी "प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं" असं म्हणून कागदावर काहीतरी खोडलं.

मग ज्याचं त्यानं भरलं. सरांना तीनऐवजी एक वर्ष मिळालं. स्मिताची जर्मनीची जागा अतिशय गोड भाषेतल्या फॅक्सनं गेली. वर्षभरानं तिला बंगलोरला काम मिळालं, आणि मालतीबाईंनी जिन्यात बंगलोरचंही कौतुक केलं. नवी अँटीबॉडी यायला आठ महिने लागले. तोवर ऋषीची शिष्यवृत्ती संपली, प्रबंध एका आकृतीसाठी अडून राहिला, आणि तो ऐरोलीतल्या क्लासमध्ये बारावीच्या पोरांना पेशीची रचना शिकवू लागला. तिघांत एकही मिनिट न चुकलेला तोच होता, आणि सगळ्यात जास्त त्यानंच भरलं.