अकरा नंबरचा चेहरा

“कुगो, दुखतंय का?”

“नाही.”

जेलागात सिस्टरने तिसऱ्यांदा विचारलं होतं. कुगो म्हणजे आजोबा. वॉर्डातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ती तसंच म्हणे. अकरा नंबरच्या खाटेवर अरप सेरेम छताकडे बघत पडले होते. खाटेच्या पायथ्याशी दांडीवर कॅमेरा होता, तो त्यांच्या तोंडावर रोखलेला, आणि त्याच्यावरचा दिवा हिरवा होता. हिरवा म्हणजे वेदना नाही, पिवळा म्हणजे थोडी, लाल म्हणजे ऑपरेशनला आधी हाच.

यंत्र येऊन सहा महिने झाले होते. लाखो चेहरे दाखवून त्याला शिकवलं होतं म्हणे. भुवया किती आवळल्या, नाकाशेजारी घडी पडली का, वरचा ओठ किती उचलला, कुठला स्नायू किती हलला त्यावरून दुखणं मोजायचं. यंत्र हुशार होतं, त्यात वाद नाही. पण त्या लाखांत आमच्या डोंगरावरचे, कालेंजिन जमातीचे म्हातारे नसावेत. आमच्याकडे सुंतेच्या वेळी पोराच्या तोंडाला चिखल फासून वाळवत. सुरी लागताना त्या चिखलाला भेग पडली की तो जन्माचा भित्रा ठरला. अरप सेरेमांच्या चिखलाला भेग पडली नव्हती. आज तर उशाशी जावई बसला होता.

“सिस्टर, बाबांनी कालपासून मुरसिकला तोंड लावलं नाही,” जावई किबोर हळूच म्हणाला. “भोपळाभर आंबवलेलं दूध एका दमात पिणारा माणूस आहे हा.”

जेलागातने म्हाताऱ्यांच्या पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं कडक होतं. नाडी एकशे तीस. आतडं फुटलं असणार, तिच्या मनात आलं, आणि ती घाबरली.

भीती तिला नवी नव्हती. बावीस वर्षं ती नोकरी करत होती आणि बावीस वर्षं घाबरत होती. डॉक्टरांना, मेट्रनला, चुकीच्या बाटलीला. मेट्रन तिला ससा म्हणायची. फक्त तोंडावर तिने कधी काही येऊ दिलं नव्हतं, कारण तीही याच डोंगरावरची.

तिने ऑपरेशन थिएटरला फोन लावला. डॉक्टर मुतिस्या खालच्या मैदानी मुलखातले, कामाने पिचलेले.

“रंग काय?”

“हिरवा. पण डॉक्टर, पोट...”

“सिस्टर, मागच्या आठवड्यात असंच घाबरवलंत. धावत आलो, तर निघाला गॅस.”

“नाडी एकशे तीस आहे.”

“तुमचा फोन आला की माझीही तेवढीच होते.” पलीकडे कोणीतरी हसलं. “टेबल एक आहे. पुढचा चार नंबरचा मोडका पाय, तो लाल आहे. हिरव्याचं संध्याकाळी बघू.”

संध्याकाळपर्यंत म्हातारा टिकणार नव्हता. ती परत खाटेशी आली.

“कुगो, एकदा तोंड वाकडं करा. एकदाच. माझ्यासाठी.”

“पोरी, जावई बसलाय.”

तिने किबोरला चहाला पिटाळलं. दिवा हिरवाच.

“आता कोणी नाही बघत.”

“मी आहे ना,” म्हातारे म्हणाले.

यंत्राशी खेळ केला तर त्याच दिवशी घरी, अशा कागदावर मेट्रनने सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. जेलागातला तो कागद आठवला. मग ती वाकली आणि म्हाताऱ्यांच्या उशीवर डोकं टेकून तिने त्यांच्या तोंडापुढे आपलं तोंड कॅमेऱ्याकडे करून धरलं. परक्या वडीलधाऱ्याच्या उशीवर बाईने डोकं टेकवायचं, म्हणजे आमच्यात अब्रूच गेली. तिने भुवया आवळल्या, दात विचकले. दिवा हलला नाही. सोंग त्याला कळत होतं.

कानाशी म्हाताऱ्यांचा श्वास तुटत तुटत येत होता. हा माणूस हिरव्या दिव्याखाली मरेल आणि वेळ लिहायला मीच असेन, एवढं तिच्या मनात आलं आणि पुढचं तिच्या हातात राहिलं नाही. बावीस वर्षांची सगळी भीती एकदम तोंडावर आली. ओठ थरथरले, डोळे घट्ट मिटले, घशातून कसलासा आवाज निघाला. दिवा लाल झाला. भोंगा वाजला, आणि तसाच थिएटरमध्येही वाजू लागला. खाटाखाटांवरून माना वळल्या. मेट्रन दारात येऊन उभी राहिली.

जेलागातला ते तोंड आवरता येईना.

तेवढ्यात शेजारी पांघरूण हललं. अरप सेरेमांनी हात वर काढला होता. पोट तसं झालेलं असताना तो हात उचलायला काय लागलं असेल, ते नर्सलाच कळावं. पांघरुणाची कड त्यांनी ओढत ओढत वर आणली आणि तिच्या तोंडावरून घातली.

“झाक, पोरी,” ते म्हणाले. “लोक बघतायत.”

आणि आत येणाऱ्या ट्रॉलीची चाकं खडखडत खाटेला लागेपर्यंत त्यांनी ती कड तशीच धरून ठेवली.