मला दिसलं नाही, एवढंच

मी एक फिल्म बोलतेय. सिनेमाची नव्हे, तो मान माझ्या नशिबी कुठला. मी मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या तपासणीची. माझा जन्म धंतोलीतल्या एका तपासणी केंद्रातला.

जरीपटक्यातल्या इंदूबाई घरीच साड्यांना फॉल-पिको करतात. आंघोळ करताना त्यांच्या हाताला डाव्या स्तनात वाटाण्याएवढं काहीतरी लागलं, म्हणून त्या आल्या होत्या. मी पाहिलं तर सगळं पांढरंच. काही बायकांचे स्तन आतून दाट असतात. तो दाटपणा माझ्यावर पांढरा उमटतो आणि रोगही पांढराच उमटतो. दह्यात पडलेलं भाताचं शीत शोधावं तशी माझी गत झाली. मला काहीच दिसलं नाही.

सोबतच्या इंग्रजी कागदावर तसं लिहिलंही होतं. पण कागद वाचतो कोण? घरी येताच इंदूबाईंचे यजमान रुपराव यांनी मला खिडकीच्या उजेडात धरलं. मग शेजारणीनं धरलं. एका पाहुण्यानं तर उलटी धरून मान डोलावली. सगळ्यांनी मला पास करून टाकलं आणि गादीखाली सरकवलं.

तिथं मी वर्षभर होते. इंदूबाई अधूनमधून म्हणायच्या, "अहो, ते अजून हाताले लागते मले."

"फोटोत काई निघालं नाई ना? मंग काहून भेवून राहिली?" रुपराव म्हणायचे.

माझ्या भरवशावर दोघं निर्धास्त होते आणि मला तोंड नव्हतं. त्या दिवसांची मला अजून लाज वाटते.

मग धनश्री सून म्हणून घरात आली. तिला वाचायची भारी खोड. भज्यांचा पुडा सोडला तरी त्याचा कागद वाचल्याशिवाय टाकायची नाही. गादी उन्हात घालताना मी सापडले. तिनं मला बाजूला ठेवलं आणि कागद वाचला.

"आई, आतलं मांस दाट हाये, फोटोत गाठ लपू शकते, सोनोग्राफी करा, असं लिहिलं हाये इथं. केली होती का?"

"नाई वं."

"मंग उद्याच चला."

सोनोग्राफीत गाठ दिसली. सुईनं तपासलं, कर्करोग निघाला. तो काखेपर्यंत पोचला होता, नशीब की पुढे गेला नव्हता. रुपराव दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, पुन्हा आले.

गेल्या आठवड्यात उपचारांनंतर दोन वर्षांनी करायची तपासणी झाली, सोनोग्राफीसकट. सगळं ठीक. हुश्श.

घरी येताच रुपराव मला कचऱ्यात टाकायला निघाले. "हिनंच घात केला."

इंदूबाईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. "तिले काहून बोलता? तिले दिसत नव्हतं, ते कागदावर सांगतलं होतं. आपणच नाई वाचलं. अन् मले हाताले लागत होतं, तरी मी गप बसली."

माझ्यासारख्या प्लॅस्टिकलाही तेव्हा भरून आलं.

बायांनो, मला फक्त 'दिसलं नाही' म्हणता येतं, 'गाठच नाही' असं म्हणता येत नाही. बोटांना लागतंय ना, मग माझं ऐकून घरी बसू नका.